घोट्यातला आकडा आणि अंगठ्याची कातडी

हृदयावरच्या व्याख्यानाला गर्दी होते, मेंदूवरच्या व्याख्यानाला त्याहून जास्त होते, आणि पायावर बोलायचं म्हटलं की मागच्या रांगा रिकाम्या राहतात. आज तुम्ही इतके जण आलात, म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या घरात पायाचं दुखणं असणार. असो, सुरुवात एका रुग्णापासूनच करतो.

किराणा दुकान चालवणारे एक काका होते. वय साठीच्या आत, मधुमेह अठरा वर्षांचा. पावसाळ्यात ओल्या चपलेचा पट्टा घासून अंगठ्याला जखम झाली. सहा आठवडे झाले तरी ती भरेना. माझ्याकडे आले तेव्हा हातात रिपोर्ट होता : दंडातला रक्तदाब 150, घोट्यातला 162, गुणोत्तर 1.08. खाली शेरा, 'पायाचा रक्तपुरवठा नॉर्मल'. रिपोर्ट लिहिणाऱ्यानं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. आकडा तोच आला होता. पण अंगठ्याच्या टोकाला काळपट ठिपका दिसायला लागला होता. मग रिपोर्ट खरा की अंगठा खरा? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी तो आकडा काय आहे ते बघू. हृदयाकडून पायाकडे रक्त नेणाऱ्या ज्या मोठ्या रोहिण्या असतात, काही पुस्तकांत त्यांना धमन्या म्हणतात, त्यांच्या आतल्या भिंतीवर चरबीचे थर साचून त्या अरुंद झाल्या की त्या आजाराला पेरिफेरल आर्टेरियल डिसीज म्हणतात. आपण त्याला 'पायाच्या रोहिण्यांचा आजार' म्हणू. हा दुर्मिळ आजार नव्हे. 2015 सालासाठी केलेल्या एका मोठ्या जागतिक अंदाजात अशा लोकांची संख्या 23 कोटींच्या वर धरली होती. निदानाची सर्वात सोपी पद्धत म्हणजे दंडाला पट्टा बांधून वरचा दाब मोजायचा, घोट्याला पट्टा बांधून तिथला मोजायचा, आणि घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबानं भागायचं. निरोगी माणसात उत्तर 1.00 ते 1.40 येतं. 0.90 किंवा त्याहून कमी आलं तर आजार आहे असं धरतात. डॉक्टर मंडळी याला एबीआय म्हणतात. स्वस्त आहे, सुई टोचावी लागत नाही, पंधरा मिनिटांत होतं. मी या तपासणीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर घरी जाऊन म्हणाल की डॉक्टरांनी सांगितलं करू नका.

पण ती मोजते काय? पट्टा फुगवत नेतो, रोहिणी दबते, प्रवाह थांबतो. हवा सोडत आलो की डॉप्लर यंत्रात फुस्स फुस्स आवाज परत येतो, त्या क्षणाचा दाब लिहून घेतो. यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : रोहिणी दाबली की दबते. बागेतला रबरी पाइप पायानं दाबला तर पाणी थांबतं. लोखंडी नळ दाबून बघा! दीर्घकाळच्या मधुमेहात, आणि मूत्रपिंडाच्या आजारातही, रोहिणीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचतं. योहान म्योंकेबर्ग या जर्मन विकृतिशास्त्रज्ञानं 1903 साली याचं वर्णन केलं. अशी रोहिणी एक्स-रेमध्येसुद्धा आगगाडीच्या रुळांसारखी दोन पांढऱ्या रेघांत दिसते. ती दाबायला जास्त दाब लागतो, आणि तो जास्तीचा दाब आपण रक्ताच्या खात्यात जमा करतो. प्रत्यक्षात आपण पाण्याचा दाब मोजतच नाही, नळाचा कडकपणा मोजतो.

गुणोत्तर 1.40 च्या वर गेलं तर निदान संशय तरी येतो. काकांच्या बाबतीत गंमत अशी, गंमत म्हणायचं म्हणून म्हणतो, की आजारानं आकडा खाली ओढला होता आणि कॅल्शियमनं वर ढकलला होता. दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं आणि मधोमध 1.08 हा छान आकडा उरला.

मग आम्ही अंगठ्याला छोटा पट्टा बांधून तिथला दाब मोजला. बोटांतल्या बारीक रोहिण्यांत हे कॅल्शियम सहसा कमी साचतं, त्यामुळे त्या दबतात आणि खरं बोलतात. आकडा आला 38. दंडात 150, अंगठ्यात 38. म्हणजे गुणोत्तर 0.25 आणि 0.70 च्या खाली असलं की ते आजाराचं धरतात. चाळीतल्या लोकांना हे लगेच कळेल. टाकीत पाणी भरपूर आहे, तळमजल्याच्या नळाला प्रेशर आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरची बाई बादली घेऊन बसली आहे. तळमजल्यावर मोजून तिला 'पाणी येतंय की' असं सांगण्यात काय अर्थ?

आता जरा मागे जाऊ. या आजाराची पहिली नीट नोंद माणसाची नाही, घोड्याची आहे. 1831 साली फ्रान्समध्ये बुले नावाच्या पशुवैद्यानं एका घोड्याचं वर्णन केलं. धावायला लागला की थोड्या वेळानं मागचे पाय लंगडायचे, विश्रांती दिली की पुन्हा ठीक. पुढे 1858 मध्ये पॅरिसच्या शार्कोनं, हा तोच मज्जाविकारांसाठी प्रसिद्ध असलेला शार्को, माणसात तीच गोष्ट दाखवली. क्लॉडिकेशन हा शब्द लंगडण्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आला. ठराविक अंतर चाललं की पोटरी आवळून येते, उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत सुटते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा आवळते. आपल्याकडे याला 'वय झालं' म्हणतात. पाठीच्या मणक्यातली नस दबल्यानंही चालताना पाय दुखतात, पण तो माणूस नुसता उभा राहून बरा होत नाही, त्याला बसावं किंवा वाकावं लागतं. एवढा फरक घरच्या घरी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पण हे दुखणं स्नायूंचं आहे. चालताना स्नायूंना जास्त रक्त लागतं, ते मिळत नाही. जो माणूस दिवसभर गल्ल्यावर बसतो तो कधी इतका चालतच नाही की पोटरी आवळेल. त्यातून मधुमेहानं संवेदना बोथट झालेल्या असतात. म्हणून कित्येकांना हा आजार पहिल्यांदा कळतो तो स्नायूंमुळे नाही, तर कातडीमुळे. जखम भरत नाही तेव्हा.

आणि कातडीचा रक्तप्रवाह हा फार विचित्र प्रकार आहे. मूत्रपिंडाला, मेंदूला जे रक्त जातं ते त्यांच्या कामासाठी जातं. कातडीला स्वतःसाठी रक्त अगदी थोडं लागतं. बाकीचं जातं ते शरीराची उष्णता बाहेर टाकायला. थंड, शांत बसलेल्या माणसाच्या सगळ्या कातडीतून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही कमी रक्त वाहतं. कडक उन्हात, अंग तापलेलं असताना तेच सात-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. यासाठी बोटांच्या टोकांत आणि तळव्यांत खास आडवाटा असतात. रोहिणीतून थेट नीलेत, मधल्या केशवाहिन्यांना वळसा घालून. या वाटेनं गेलेलं रक्त पाय गरम करतं, पण पेशींना घास भरवत नाही. घास भरवतात त्या केशवाहिन्या, आणि पायाच्या बोटांत एकूण प्रवाहाचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे जातच नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय? पाय गरम लागतो म्हणजे पाय सुखरूप आहे, असं नाही. मधुमेहानं मज्जातंतू खराब झाले की त्या आडवाटांवरचा लगाम सुटतो. त्या उघड्याच राहतात. पाय उबदार, शिरा फुगलेल्या, आणि माणूस निर्धास्त. आडवाटा उघड्या राहिल्यामुळे केशवाहिन्यांची उपासमार होते, असं गृहीतक एकेकाळी लोकप्रिय होतं. पण ज्यांनी प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली नखाच्या कडेच्या केशवाहिन्या पाहिल्या त्यांना अशा पायांत तिथलाही प्रवाह वाढलेला दिसला. तेव्हा ती गोष्ट वाटली तितकी सरळ नाही. संशोधनात असं होतं, सुंदर कल्पना असते आणि कुणीतरी जाऊन बघतो.

बघण्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिनं हजारो पाय गेले असं माझं मत आहे. 1959 साली अमेरिकेत गोल्डनबर्ग आणि सहकाऱ्यांनी कापलेल्या पायांचे काप तपासले आणि मांडलं की मधुमेहींच्या अगदी बारीक रक्तवाहिन्या आतून बुजतात, आणि हा मधुमेहाचा वेगळाच आजार आहे. कल्पना पटकन पसरली, कारण ती रोजच्या अनुभवाशी जुळत होती : घोट्याजवळ ठोके लागतात तरी बोट काळं पडतं. पण तिचा व्यावहारिक अर्थ भयंकर होता. बारीक वाहिन्याच बुजल्या असतील तर वरच्या मोठ्या नळाची दुरुस्ती करून उपयोग काय? बायपास करू नका, पाय कापा.

1964 मध्ये स्ट्रँडनेस आणि सहकाऱ्यांनी पुन्हा काप तपासले. फरक एवढाच की कुठला पाय मधुमेहीचा आणि कुठला नाही, हे तपासणाऱ्याला माहीत नव्हतं. आणि तो बारीक वाहिन्यांचा खास अडथळा सापडला नाही! जे दिसलं ते वेगळं होतं : मधुमेहात गुडघ्याखालच्या रोहिण्या जास्त बंद होतात. म्हणजे अडथळा होता, पण तो मोठ्या रोहिणीत, जिथे शल्यविशारदाचा हात पोचतो तिथे. एवढं होऊनही जुनी समजूत गेली नाही. 1984 मध्ये लोगर्फो आणि कॉफमन यांना न्यू इंग्लंड जर्नलमध्ये लिहावं लागलं की ही कल्पना चुकीची आहे आणि तिच्यामुळे रुग्णांचं नुकसान होतंय. पुढे बॉस्टनच्या पॉम्पोसेली आणि सहकाऱ्यांनी पायाच्या पाठीवरच्या रोहिणीपर्यंत नेलेल्या हजाराहून अधिक बायपासचा दहा वर्षांचा अनुभव 2003 मध्ये छापला. त्यातले बहुसंख्य रुग्ण मधुमेही होते. जे पाय 'काही करता येणार नाही' म्हणून सोडून दिले गेले असते, तेच हे पाय.

बारीक वाहिन्या मधुमेहात अगदी ठणठणीत असतात असं मात्र समजू नका. त्यांच्या भिंती जाड होतात, गरज पडली तर त्या पटकन रुंदावत नाहीत. बिघाड आहे, पण बूच बसलेलं नाही. आजही मला अधूनमधून चिठ्ठी येते, 'बारीक नसांचा आजार, काही करण्याजोगं नाही'. मी ती चिठ्ठी बाजूला ठेवतो आणि आधी अँजिओग्राफी सांगतो.

मग कातडीचा प्रवाह मोजायचा कसा? थॉमस लुईसनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कातडीवर साधी रेघ ओढून, तिच्या लालीवरून रक्तवाहिन्यांचं शास्त्र उभं केलं. 1927 चं त्याचं पुस्तक फक्त याच विषयावर आहे. 1975 मध्ये मायकेल स्टर्न यानं लेझरचा उपयोग दाखवला. लेझरचा किरण कातडीत सोडायचा. हलणाऱ्या रक्तपेशींवर आपटून परतणाऱ्या प्रकाशाची कंपनसंख्या किंचित बदलते, जवळून जाणाऱ्या गाडीचा हॉर्न बदलतो तशी. त्या बदलावरून प्रवाह काढायचा. हा लेझर डॉप्लर. दिसायला झकास, पडद्यावर लाटा नाचतात. पण तो जेमतेम मिलिमीटरभर खोल बघतो, केशवाहिन्या आणि आडवाटा यांची भेळ करून एकच आकडा देतो, आणि त्या आकड्याला मिलिलिटरसारखं ठोस एकक नाही. खोलीतला पंखा लावला तरी आकडा हलतो. म्हणून संशोधक तो तसाच न वापरता पायाला धक्का देऊन वापरतात. मांडीला पट्टा बांधून तीन ते पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं. निरोगी पायात प्रवाह क्षणात उसळी मारतो. आजारी पायात ती उसळी उशिरा येते, बुटकी असते, आणि रेंगाळते.

दुसरं साधन म्हणजे कातडीवर चिकटवायचा ऑक्सिजनचा इलेक्ट्रोड. तो कातडी 44 अंशांच्या आसपास तापवतो, वाहिन्या रुंदावतात, आणि आतून झिरपत येणारा ऑक्सिजन मोजला जातो. 30 मिलिमीटर पाऱ्याच्या खाली आकडा असेल तर जखम आपली आपण भरण्याची आशा कमी. सूज आणि जंतुसंसर्ग यांनी हाही आकडा खाली येतो. 2014 मध्ये अमेरिकी रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या संघटनेनं जी प्रतवारी आणली, तिच्यात जखम किती मोठी, रक्त किती कमी, संसर्ग किती, अशा तीन गोष्टींना प्रत्येकी 0 ते 3 गुण दिले. रक्ताच्या रकान्यात घोट्याचे आकडे आहेत, पण मधुमेहीच्या बाबतीत अंगठ्याचा दाब घ्या असं सांगितलं आहे. काकांचे 38 त्यात दोन गुणांत बसतात. तीन म्हणजे सर्वात वाईट.

यंत्र नसेल तर? डोळे आहेत. पाय वर उचलून धरला की पांढराफटक पडतो आणि खाली सोडला की हळूहळू तांबूस-जांभळा होतो. ही बुर्गरची चाचणी. हा बुर्गर म्हणजे 1908 साली तरुण धूम्रपान करणाऱ्यांच्या हातापायांच्या वाहिन्या बंद पाडणाऱ्या आजाराचं वर्णन करणारा न्यू यॉर्कचा डॉक्टर. आपल्याकडे तो आजार बिडीवाल्यांत बघायला मिळतो. पण 'पांढरा पडतो, लाल होतो' ही भाषा गोऱ्या कातडीवर बेतलेली आहे. सावळ्या पायाच्या पाठीवर हे बदल लपतात, म्हणून तळवा आणि नखं बघा. कातडीच्या रंगामुळे मोजमाप फसतं हे यंत्रांनाही लागू आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय रुग्णांत ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा चुकवतो, असं 2020 मध्ये अमेरिकेतल्या नोंदींतून दिसलं.

आणखी एक खूण घरातलेच लोक सांगतात : 'हे रात्री पलंगावरून पाय खाली सोडून झोपतात.' हे ऐकलं की माझे कान टवकारतात. झोपलेल्या माणसात हृदय आणि पाऊल एका पातळीवर असतात. पाय खाली सोडला की रक्ताच्या स्तंभाचं वजन मदतीला येतं. अर्धा मीटर खाली म्हणजे जवळपास 35 ते 40 मिलिमीटर पाऱ्याची भर. ज्या अंगठ्यात दाबच 30 आहे, त्याला ही भर म्हणजे दुप्पट पगार. वेदना थांबते. पण पाय लोंबकळत ठेवून सूज येते, आणि सूज पुन्हा त्याच केशवाहिन्यांना दाबते. हे लक्षण दिसलं की आठवडे घालवू नका.

आता उपचारांच्या संशोधनाकडे येतो. इथे तुम्हाला जाहिरातींपासून वाचवायचं आहे. नव्या रक्तवाहिन्या उगवाव्यात म्हणून जनुकाचं इंजेक्शन द्यायची कल्पना आली. लहान चाचणीत पाय कापण्याचं प्रमाण कमी दिसलं. मग 2011 मध्ये टॅमारिस नावाची मोठी चाचणी लॅन्सेटमध्ये आली, 525 रुग्णांची. वर्षभरात पाय कापला गेला किंवा मृत्यू आला, असे खोट्या औषधाच्या गटात 33 टक्के आणि खऱ्या औषधाच्या गटात 36 टक्के. उपयोग शून्य.

नंतर पाळी मूळपेशींची. नेदरलँड्समधली युव्हेंटास चाचणी, 160 रुग्ण, निकाल 2015. अर्ध्यांना स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या पेशी मांडीच्या रोहिणीतून दिल्या, अर्ध्यांना फसवं इंजेक्शन. पेशी मिळालेल्यांत वेदना कमी झाली, घोट्याचं गुणोत्तर सुधारलं, कातडीतला ऑक्सिजन वाढला. टाळ्या वाजवाव्यात असा निकाल. पण फसवं इंजेक्शन मिळालेल्यांतही हे सगळं तितकंच सुधारलं! आणि पाय कापण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. असं का होतं? माणूस चाचणीत येतो तो सगळ्यात वाईट दिवसांत, त्यानंतर थोडं बरं वाटणारच असतं. चाचणीत जखमेची निगा चांगली राखली जाते. शिवाय ज्यांचा पाय कापला गेला त्यांच्या त्या पायाचा ऑक्सिजन पुढे मोजताच येत नाही, उरतात ते बरे पाय. तेव्हा कुणी तुम्हाला इंजेक्शनाच्या आधीचा आणि नंतरचा लेझरचा रंगीत फोटो दाखवून लाखांचं पॅकेज सांगितलं, तर एकच विचारा : ज्यांना इंजेक्शन दिलं नाही त्यांचे फोटो कुठे आहेत?

सिद्ध झालेल्या गोष्टी कमी आकर्षक आहेत. तंबाखू बंद, स्टॅटिन, रक्त पातळ ठेवणारं औषध, साखर आणि दाब आटोक्यात. ज्यांना फक्त चालताना दुखतं आणि जखम नाही, त्यांना चालणं. इथे एक नवल आहे. 2021 च्या लाइट चाचणीत 305 जणांचे गट केले. काहींना दुखेल इतक्या जोरात चालायला सांगितलं, काहींना न दुखता आरामात. आरामात चालणाऱ्यांचं अंतर वाढलं नाही, दुखेपर्यंत चालणाऱ्यांचं वाढलं. 'जपून चाला हं बाबा' हा आपला प्रेमळ सल्ला इथे चुकीचा ठरतो. पण पायावर जखम असेल तर हे लागू नाही, तेव्हा आधी डॉक्टर.

जखम आहे आणि रक्त कमी आहे, तर मार्ग उघडावाच लागतो. बायपास की फुगा, यावर 2022 ची बेस्ट-सीएलआय चाचणी म्हणते, पायातली चांगली नीला उपलब्ध असेल तर बायपास सरस. 2023 ची ब्रिटनमधली बेसिल-2 म्हणते, गुडघ्याखालच्या आजारात आधी फुगा सरस. रुग्ण वेगळे होते, रोहिण्यांचे भाग वेगळे होते. दोघींना एका वाक्यात बसवायचा प्रयत्न मी करणार नाही. काकांचं वय, हृदय आणि नीला बघून आम्ही फुगा निवडला. घोट्यापर्यंतची एक रोहिणी उघडली. अंगठ्याचा दाब 38 वरून 61 झाला. अंगठ्याचं टोक गेलं, पाय राहिला. घोट्याचं गुणोत्तर नंतरही 1.1 च्या आसपासच होतं. म्हणजे उपचाराआधीही नॉर्मल आणि नंतरही नॉर्मल.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : आईचे पाय कायम गार असतात. रात्री गरम पाण्याची पिशवी ठेवली तर चालेल का?

नको. आईंना मधुमेह आहे का? आहे. मग मुळीच नको. निरोगी पायाला शेक दिला की वाढलेलं रक्त ती उष्णता वाहून नेतं. इथे नेणारं रक्तच नाही, त्यामुळे उष्णता कातडीतच साठते, तापलेल्या पेशी जास्त ऑक्सिजन मागतात, आणि चटका बसतोय हे आईंना कळतही नाही. सकाळी फोड दिसतो. लोकरीचे किंवा जाड सुती मोजे घाला, सैल, घट्ट इलॅस्टिक नसलेले. मोजे काढताना रोज तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघा. त्यांना वाकता येत नसेल तर तुम्ही बघा. आणि या आठवड्यात पायाचे ठोके कुणाला तरी तपासायला लावा. घोट्याचा आकडा नॉर्मल आला तर 'अंगठ्याचा मोजता का?' एवढं विचारा. पुढचा प्रश्न?